ओट्यावरील वीज

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील एक गाव आहे. अशा गावांतही पाट्यावरचे वाटण आता मिक्सरमध्ये होऊ लागले आहे. परंतु स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी आणि वीज शेजारी नांदतात. म्हणून तेथील तारांची निवड विचारपूर्वक करावी लागते.

घरातील विजेचा दाब सामान्यतः २३० व्होल्ट असतो. २००० वॉटची विजेची शेगडी सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते, हा नियम जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला. बारीक तार अशा वेळी तापते, तिचे वेष्टन वितळते आणि आग लागण्याचा संभव असतो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. शेगडीला मात्र निदान अडीच चौरस मिलिमीटरची तार व १६ अँपिअरचा सॉकेट हवा.

तिसरी, हिरवी तार जमिनीशी जोडलेली असते. बिघाड होऊन वीज शेगडीच्या पत्र्यात उतरली, तर ती याच वाटेने जमिनीत जाते व फ्यूज वितळून प्रवाह तुटतो. जमिनीतील त्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात. उन्हाळ्यात तेथील माती सुकली की विजेची वाट अडते.

घाईच्या वेळी आईचा ओला हात पत्र्याला लागतो. तेव्हा ही हिरवी तारच तिचे रक्षण करते. म्हणून पाणीटंचाईतही त्या खड्ड्यासाठी एक कळशी पाणी राखून ठेवावे.