एपिसोडचा मजकूर: लेदर परफ्युम, ‘मर्दानी’ माणूस आणि आजीची मोट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलता बोलता भरकटलो ते थोडं कापलंय, सगळं नाही.

तर झालं असं. पुण्यात एका मित्राकडून पाच मिलीची लेदर परफ्युमची डिकँट घेतली. जाहिरातीत दाढीवाला माणूस, बुलेट, काळं जॅकेट. खाली लिहिलेलं की हा सुगंध लावणारा पुरुष कमी बोलतो, ठाम असतो, कुणाच्या मागे जात नाही. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून बग सोडवणारा माणूस, म्हटलं बघू तरी. शनिवारी धाराशिवला घरी आलो, दोन स्प्रे मारले आणि आजीजवळ बसलो. आजी म्हणाली, “काय लावून आलास रं? मोटंचा वास यायलाय.”

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन, पंप यायच्या आधी विहिरीतून पाणी काढायची ती चामड्याची मोठी पिशवी. बैल ओढायचे. सतत भिजणारं, तेल पाजलेलं कातडं. आजीचं नाक अगदी बरोबर होतं, कारण परफ्युमवाले तोच वास बनवायचा प्रयत्न करतायत.

‘बनवायचा’ म्हणतोय, कारण बाटलीत चामडं नसतं. गुलाबाचं अत्तर काढतात तसं चामड्यातून तेल काढून परफ्युम होत नाही. तो एक रचलेला भास असतो. बर्च झाडाची साल जाळून काढलेल्या डांबराचा धुरकट वास हा त्याचा जुना पाया. रशियात चामडं टिकावं म्हणून त्याला बर्चचं तेल लावायचे, म्हणून युरोपच्या नाकात ‘चांगलं चामडं’ म्हणजे हाच वास बसला. त्यात आयसोब्युटाइल क्विनोलिन नावाचं रसायन येतं, कडवट, हिरवट, जुन्या बुटासारखं. लॅब्डॅनम हा चिकट राळेसारखा पदार्थ उबदारपणा देतो. काही परफ्युममध्ये केशराचा अंश असतो, तो मऊ स्वेडसारखा लागतो. कोडच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट लेदर, पण इनपुटमध्ये लेदर कुठेच नाही.

गंमत म्हणजे सुरुवात उलटी होती. फ्रान्समधलं ग्रास गाव आज परफ्युमची राजधानी म्हणून ओळखलं जातं, पण आधी तिथे चामडं कमावायचे. हातमोज्यांना घाण वास यायचा, तो लपवायला सुगंध लावायला लागले. म्हणजे आधी चामड्याचा वास झाकायला अत्तर, नंतर अत्तरात चामड्याचा वास.

आता ‘मर्दानी’वर येऊ. कॅरॉनचा ‘टॅबॅक ब्लाँ’ 1919 चा, शनेलचा ‘क्युइर द रुसी’ 1924 चा, पिगेचा ‘बँडिट’ 1944 चा. लेदर परफ्युममधली ही मोठी नावं आणि तिन्ही बायकांसाठी काढलेली! तेव्हाच्या जाहिरातीत लेदर म्हणजे सिगारेट ओढणारी, केस कापलेली, स्वतंत्र बाई. टॉम फोर्डचा ‘टस्कन लेदर’ 2007 चा. वास चामड्याचाच, गोष्ट बदलली. म्हणून कुणी “या वासावरून माणूस ओळखता येतो” म्हणालं तर हसून सोडून द्या. वास स्वभाव सांगत नाही, आपण त्याला कोणती गोष्ट चिकटवली ते सांगतो.

आणि आपल्याकडे याच वासाला कोणती गोष्ट चिकटवली होती? मी आजीला विचारलं, मोट फाटली की कोण शिवायचं? तिने सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, “ते दारात येत नव्हते. बाहेरच बसायचे.” मेलेलं जनावर ओढायचं काम महारांवर, कातडं कमावायचं ढोर समाजावर, शिवायचं चांभारांवर लादलेलं. मोटेचं पाणी सगळ्या शिवाराला चालायचं, मोट शिवणारा चालायचा नाही. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले होते. वतनाच्या नावाखाली करून घेतल्या जाणाऱ्या अशा कामांचा प्रश्न किती मोठा होता, ते त्या परिषदेच्या नावातच दिसतं. तिथून जाता-येता मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

म्हणजे ज्या वासावरून माणसांना गावाबाहेर ठेवलं, तोच वास आज मॉलमध्ये हजारो रुपयांना ‘रुबाब’ म्हणून विकला जातो. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, ते आठवत असेलच. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. शेजारचं सोलापूर त्यात आहे, आपण नाही.

वासाचा शौक असेल तर एक करून बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची खरी कोल्हापुरी नवी असताना नाकाजवळ न्या. (हो, चप्पल. लोक बघतील, बघू द्या.) आंबूस, लाकडासारखा, जरासा मातकट वास येतो. महागड्या बाटलीतल्या धुरापेक्षा मला तो जास्त आवडला.

लावायचाच असेल तर मराठवाड्याच्या मे महिन्यात लेदर नको, चाळीसच्या वर पारा गेला की डोकं धरतं. डिसेंबरात, संध्याकाळी, एकच स्प्रे, तोही शर्टाच्या आत. ऑफिसच्या बंद एसीत तर विचारूनच.

माझी डिकँट अर्धी उरलीय. आजीने परवा ती बाटली मागून घेतली, झाकण काढून वास घेतला आणि विहिरीवरच्या दोन बैलांची नावं सांगितली. ती रेकॉर्डिंग एपिसोडच्या शेवटी जोडलीय.