आघाताच्या अंगणातले इलेक्ट्रॉन

सौरवाताचा आढावा म्हटला की पार्करचा १९५८चा सिद्धान्त आणि मरिनर-२ने १९६२मध्ये त्याला दिलेली पावती, इथून सुरुवात करायची रीतच पडली आहे. दिवाळी अंकांच्या वाचकांना ते सगळं पाठ आहे. खरी गंमत पृथ्वीपासून सूर्याकडे सुमारे ९०,००० किलोमीटरवर, बो शॉकपाशी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय कवचापुढे उभ्या असलेल्या आघातापाशी आहे.

सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने आलेला सौरवात इथे अडतो. तो इतका विरळ, की कणांची आपसात टक्कर जवळपास होतच नाही. त्याला लगाम घालतात ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं. यावर एका गोटाचं ठाम मत असं, की वाऱ्यातली बहुतेक ऊर्जा आयनांकडे असते, तेव्हा इलेक्ट्रॉनांकडे कशाला पाहायचं? जमाखर्चापुरतं ते खरंही आहे. पण इलेक्ट्रॉनांची स्वतःची धावपळच सेकंदाला दोनेक हजार किलोमीटरची. वाऱ्याच्या उलट दिशेने ते सहज निसटतात.

आघाताच्या या अंगणाचं गणित १९७९मध्ये फिल्बर्ट आणि केलॉग यांनी सोडवलं. चुंबकीय रेषा आघाताला जेमतेम चाटून जाते तिथे इलेक्ट्रॉन परावर्तित होतात आणि रेषेवरून परत पळतात. पळता पळता वारा त्यांना आघाताकडे ढकलतच असतो. मंद इलेक्ट्रॉन जास्त ढकलले जातात, वेगवान कमी. त्यामुळे स्पर्शरेषेच्या जरा मागे उभं राहिलं, तर ठरावीक वेगापेक्षा जलद तेवढेच गाठ घेतात. अशी झोत बनलेली टोळी प्लाझ्माला हेलकावे देते: हेच लँगम्यूर तरंग. घन सेंटिमीटरमागे पाच इलेक्ट्रॉन असले, तर वारंवारता सुमारे २० किलोहर्ट्‌झ, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी वरच्या टोकाला.

आयोवा विद्यापीठातले प्लाझ्मा-शास्त्रज्ञ डोनाल्ड गर्नेट हे तरंग ध्वनीत उतरवून ऐकवत. हेच तरंग व्हॉयेजर-१ यानाच्याही कामी आले. त्याचं प्लाझ्मा मोजणारं उपकरण १९८०मध्येच बंद पडलेलं. यान सौरवाताची हद्द ओलांडून गेलं की नाही, यावर वाद पेटलेला. मार्च २०१२मधल्या सौर उद्रेकाचा धक्का वर्षभराने तिथवर पोचला आणि एप्रिल-मे २०१३मध्ये अँटेनाने २.६ किलोहर्ट्‌झची गुणगुण पकडली. त्यावरून घनता निघाली: घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन. सौरवाताच्या कडेला अपेक्षित असते त्याच्या कितीतरी पट! यान बाहेर पडलं होतं. पुढे उलगडलं, की ही गुणगुणही आघाताच्या पुढे पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचीच.

अशाच तरंगांतून उठणाऱ्या रेडिओ स्फोटांची कथा त्याहून जुनी. मार्च १९४७मध्ये ऑस्ट्रेलियात रूबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांनी सूर्याचा एकच स्फोट आधी २००, मग १००, मग ६० मेगाहर्ट्‌झवर टिपला. आघात सूर्यापासून दूर विरळ प्लाझ्मात सरकतो, तशी वारंवारता उतरते. अशा टाइप-२ स्फोटाच्या उगमातूनच नासाचं विंड यान २६ ऑगस्ट १९९८ला गेलं आणि आघाताच्या पुढ्यात लँगम्यूर तरंग प्रत्यक्ष सापडले. मधल्या काळातल्या संगणकी प्रतिरूपांबद्दल इतकंच, की ती देखणी होती.

हल्ली सरासरीचा सोस वाढला आहे. हे तरंग मिलिसेकंदांच्या उसळ्यांनी येतात. काही सेकंदांची सरासरी काढली की उसळी सपाट होते, आणि त्या सपाट आलेखावर प्रबंध लिहिले जातात. विंडवर कच्ची तरंगाकृती टिपणारं उपकरण होतं, म्हणून त्याचं निरीक्षण आजही उद्धृत होतं.

आदित्य-एल१ २०२३मध्ये निघालं, तेव्हा पुण्याच्या आयुकात घडलेल्या ‘सूट’ दुर्बिणीचं मराठीत कौतुक झालं. योग्यच होतं. त्याच यानावरचं ‘पापा’ इलेक्ट्रॉन मोजतं, चुंबकमापकही आहे. मात्र विद्युत तरंग पकडणारी अँटेना नाही. आघात आला की इलेक्ट्रॉन आपले, आणि तरंग त्याच भागात फिरणाऱ्या विंडकडून उसने.