पडद्यावरची सभा आणि आपला आवाज

शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात आहे, पण सातारा आणि सांगली हे जिल्हेही त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात. जत किंवा माण तालुक्यातल्या मुलाचे शुल्क, परीक्षा, निकाल यांसंबंधीची धोरणे कोल्हापूरच्या सभागृहात ठरतात. त्या सभागृहात कोण बसतो आणि कोणाचे ऐकले जाते, हा म्हणूनच आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर १० प्रतिनिधी निवडून देतात. त्यांपैकी ५ जागा राखीव, आणि अनुसूचित जातींसाठी त्यांतली १. एका मताने ठराव पडत नाही. या एकट्या सभासदाचे सामर्थ्य उभे राहून हरकत घेण्यात, अध्यक्षांना थांबवण्यात, शेजारच्या दोघांना कानात सांगून आपल्या बाजूला वळवण्यात असते. शिवाय बाहेर फाटकावर मोर्चा असतो. त्या घोषणा आत ऐकू जातात, हे आपण १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात पाहिले आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, टाळेबंदी आली आणि राज्यभर विद्यापीठांच्या, महाविद्यालयांच्या सभा दूरदृश्य पद्धतीने होऊ लागल्या. साथ खरी होती. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरने ती पहिल्याच महिन्यात पाहिली. सभा तशा घेण्याला माझा विरोध नव्हता. (अंतर राखा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको होते. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमरावांना वेगळे बसावे लागले होते.) पण निर्णय थांबले नव्हते. अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. ती घ्यायची कशी, हा प्रश्न विद्यापीठांपुढे आला. ज्याच्या घरात एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला, त्या मुलाची बाजू मांडणारा कोणी तेथे हवा होता.

पडद्यावर नेमके काय बदलते, ते मी एका महाविद्यालयाच्या विकास समितीत अनुभवले. शिष्यवृत्ती येण्याआधीच मागासवर्गीय मुलांकडून शुल्क भरून घ्यावे, असा विषय होता. मी बोलू लागलो. माझा आवाज बंद होता, आणि तो सुरू करण्याची कळ सभा चालवणाऱ्याच्या हाती होती. तो सुरू होईपर्यंत पुढचा विषय निघाला. इतिवृत्तात लिहिले गेले, ‘सर्वानुमते मंजूर’. सभागृहात गप्प बसलेला माणूस निदान दिसतो. पडद्यावर गप्प राहिलेला माणूस संमतीत मोजला जातो, आणि गणपूर्ती मात्र त्याच्याच नावाने भरते.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच, की अशी सभा पुन्हा आली तर हरकत आदल्या दिवशी लेखी द्या, मतदान नावानिशी मागा आणि इतिवृत्त कायम होण्यापूर्वी वाचून घ्या. मी दुसऱ्या दिवशी सायकलवर जाऊन माझी हरकत आवक-जावक टेबलावर दिली. इतिवृत्त बदलले नाही. पोचपावती माझ्याजवळ आहे.