चित्र थिजले, पाट कोठे तुंबला?

आषाढ शुद्ध दशमीची संध्याकाळ होती. शिवालिकच्या टेकड्यांवर पावसाळी ढग उतरले होते आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेल्या पंचकुला शहरात नुकतीच दिवेलागण झाली होती. प्रस्तुत लेखकाची मावशी तेथे मुलाकडे राहते. तिचे वय शहात्तर. शेजार सारा पंजाबी आणि हिंदी, सूनही तिकडचीच. मुलगा व सून त्या आठवड्यात परगावी गेलेली. मावशीच्या कानावर मराठी पडते ती बहुतांशी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरूनच. ऐन उमेदीत तिने दोनदा पायी वारी केली होती. आता गुडघे साथ देत नाहीत, आणि पंढरपूर तर दीड हजार किलोमीटरहून दूर. तेव्हा एकादशीच्या पहाटे विठ्ठलाची महापूजा पडद्यावर पाहावयाची, हा तिचा गेल्या काही वर्षांचा नेम.

पहाटे घोटाळा नको म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच मराठी वाहिनी दाखविणारे अ‍ॅप उघडून पाहिले. क्षणभर चित्र हलले आणि थिजले. निवेदिकेचा हात उचललेला तसाच राहिला, आणि पडद्याच्या मधोमध एक चक्र गरगरू लागले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. चक्र काही थांबेना. मग मावशीने जे केले, त्याने तिच्यावर मोठे संकट ओढवले असते. ती हकिगत आपणांस पुढे सांगू. तत्पूर्वी हे चक्र मुळात फिरते तरी का, ते पाहू या. कारण वाचकहो, असा प्रसंग आपल्याही घरी आला असेल.

पाटाचे पाणी आणि पडद्यावरचे चित्र

पंचकुला या नावातच या कोड्याचे उत्तर दडलेले आहे. संस्कृतात ‘कुल्या’ म्हणजे पाट. घग्गर नदीचे पाणी वळवून आणणाऱ्या पाच पाटांवरून या ठिकाणाला हे नाव पडले, असे सांगतात. अ‍ॅपवरील चित्रही आपल्या घरी असेच येते, पाटाच्या पाण्यासारखे वाहत.

जुन्या काळी तसे नव्हते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आली. तेव्हा चित्र आकाशातून पावसासारखे सर्वांच्या छपरावर एकाच वेळी पडत असे. चित्र बिघडले की घरातील एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवावयाचा आणि खालून दुसऱ्याने ‘आता दिसतंय!’ म्हणून ओरडावयाचे. दोष प्रक्षेपणाचाच असेल तर पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई आणि सारे घर स्वस्थ बसे.

आता प्रत्येक घराचा पाट वेगळा आहे. दूरच्या संगणकावर कार्यक्रमाचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या ठळक, मध्यम व पुसट अशा निरनिराळ्या प्रती तयार असतात. आपले अ‍ॅप हे तुकडे एकामागून एक मागवून घेते आणि पुढचे काही तुकडे जवळ साठवून ठेवते. हा साठा म्हणजे शेतातला हौदच. इंटरनेटचे पाणी थोडे कमी झाले तरी हौदात शिल्लक असते म्हणून चित्र चालू राहते. धार बारीक होत गेली तर अ‍ॅप पुसट प्रत मागविते. म्हणून चेहरे मध्येच धूसर दिसतात. हौद अगदीच कोरडा पडला की चित्र थांबते आणि चक्र फिरू लागते. थेट प्रक्षेपणात पुढचे तुकडे अद्याप जन्मालाच आलेले नसतात, म्हणून तेथे हौद लहान असतो आणि थांबणे अधिक घडते.

पिकाला पाणी पोहोचले नाही, तर दारे धरणारा शेतकरी तडक धरणावर धावत नाही. तो आधी वाफा पाहतो, मग दार, मग चारी आणि शेवटी पाट. आपणही तसेच करावे. तक्रार एकच असली तरी दोषाच्या जागा चार आहेत: दूरचा संगणक, वाटेतले इंटरनेट, घरातील यंत्र आणि त्या यंत्रातील अ‍ॅप.

आधी लक्षणे पाहा

वैद्य औषधाआधी नाडी पाहतो. येथे चार प्रश्न पुरेत.

आवाज चालू असून चित्र तेवढे थिजले आहे काय? मग पाणी पोहोचत आहे. त्याचे चित्र करणारे यंत्र थकले आहे. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे.

चक्र फिरते आहे, पण रिमोटचे बटण दाबताच अ‍ॅपमधून बाहेर पडता येते काय? मग बहुधा हौद कोरडा आहे. इंटरनेटकडे पाहावे.

अ‍ॅप जागचे हलत नाही, परंतु रिमोटवरील घराचे चित्र असलेले बटण दाबताच मुख्य पडदा येतो काय? मग दोष अ‍ॅपचा.

कोणतेच बटण चालत नाही काय? मग आधी रिमोटची बॅटरी पाहावी, आणि ती ठीक असेल तर दोष यंत्राचा समजावा.

यानंतर एकच परीक्षा घ्यावी. तोच कार्यक्रम, घरातील त्याच वायफायवर, दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावा. तेथे चालला, तर उगम आणि पाट दोन्ही निर्दोष ठरले. तेथेही थांबला, तर दुसरे एखादे अ‍ॅप उघडावे. ते चालले, तर पहिल्या अ‍ॅपच्या दूरच्या संगणकातच बिघाड असण्याचा संभव आहे. अशा वेळी घरातील यंत्रांना छळण्यात अर्थ नाही, तासाभराने पाहावे. हा जुन्या ‘व्यत्यय’ पाटीचाच प्रकार, फक्त पाटी दिसत नाही इतकेच.

यंत्र तसा उपाय

उपाय करताना एक पथ्य पाळावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाच गोष्टी एकदम केल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

मोबाईलवर: उघड्या अ‍ॅपांच्या यादीतून ते अ‍ॅप वर सरकवून बंद करावे आणि पुन्हा उघडावे. अँड्रॉइड फोनवर एवढ्याने भागले नाही, तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून त्याचे नाव निवडून ‘फोर्स स्टॉप’ आणि मग स्टोरेजखालील ‘क्लिअर कॅश’ दाबावे. कॅश म्हणजे अ‍ॅपने सोयीसाठी जवळ बाळगलेली तात्पुरती अडगळ. ती पुसल्याने काही बिघडत नाही. परंतु शेजारचे ‘क्लिअर डेटा’ हे बटण जपून दाबावे. त्याने उतरवून ठेवलेले कार्यक्रम जातात आणि पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. आयफोनवर असे सर्वसाधारण बटण नाही. तेथे अ‍ॅप काढून पुन्हा घेणे हाच अखेरचा उपाय.

दूरचित्रवाणी संचावर: रिमोटने बंद केलेला संच पुष्कळदा खरोखर बंद होत नाही, डुलकी घेत असतो, आणि त्याच्या स्मृतीतील गोंधळ तसाच राहतो. म्हणून भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबावे. सॅमसंगच्या अनेक संचांवर रिमोटचे पॉवरचे बटण दाबून धरले असता संच बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो. अँड्रॉइड जातीच्या संचांत मोबाईलप्रमाणेच कॅश पुसता येते. संच फार जुना असेल, तर त्याच्यासाठी अ‍ॅपची नवी आवृत्ती निघणेच थांबलेले असू शकते. तेव्हा नवा संच घेण्याऐवजी बाहेरून लावावयाची स्टिक घेणे स्वस्त पडते.

स्टिकवर: येथे एक बारीकशी चूक घरोघर आढळते. स्टिकसोबत आलेला अ‍ॅडॅप्टर खोक्यातच राहतो आणि तिची तार संचाच्या मागील यूएसबी खाचेत खोवली जाते. यूएसबी २.० जातीची खाच प्रमाणानुसार अर्धा अँपिअर वीज देते. पुष्कळ स्टिकांच्या अ‍ॅडॅप्टरची क्षमता एक अँपिअर असते. अर्धपोटी मजुराकडून पूर्ण दिवसाचे काम कसे व्हावे? शिवाय स्टिकची साठवण लहान असते. न लागणारे खेळ आणि अ‍ॅप्स काढून टाकावीत. फायर टीव्ही स्टिक अडकली असता मधले निवडीचे बटण आणि चालू-थांबाचे बटण ही दोन्ही एकत्र सुमारे पाच सेकंद दाबून धरावीत, म्हणजे ती पुन्हा सुरू होते.

संगणकावर: पान पुन्हा उघडावे. न जमल्यास ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तोच कार्यक्रम लावावा. तेथे चालला, तर ब्राउझरची कॅश किंवा त्याला जोडलेले एखादे उपांग दोषी आहे. कोणत्याही यंत्रावरील तारीख आणि वेळ बरोबर असल्याची खात्री करावी. घड्याळ चुकले, तर दूरचा संगणक ओळख पटवून घेत नाही आणि अ‍ॅप मुकाट थांबते.

राउटरवर: इंटरनेटचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही अर्धा मिनिट बंद करावेत, आधी डबा सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. राउटर कपाटात किंवा संचाच्या मागे कोंडून ठेवू नये. त्याच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून लांब जाते, परंतु मायक्रोवेव्ह शेगडी तिच्यात ढवळाढवळ करते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जवळचीच.

वेग किती असावा? नेटफ्लिक्सच्या शिफारशीप्रमाणे साध्या एचडी चित्रास सेकंदाला ३ मेगाबिट, पूर्ण एचडीस ५ आणि ‘फोर-के’ चित्रास १५ लागतात. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ किलोबिटांवरून २ मेगाबिटांवर नेला. म्हणजे नावाला ब्रॉडबँड असूनही चित्र अडखळू शकते. तेव्हा अ‍ॅपमध्येच चित्राची प्रत एक पायरी उतरवावी. थोडे पुसट दिसेल, पण थांबणार नाही.

दोरी दुसऱ्याच्या हाती देऊ नका

आता मावशीची हकिगत. तिने मोबाईलवर त्या अ‍ॅपचे नाव आणि ‘मदत क्रमांक’ हे शब्द शोधले. एक क्रमांक तत्काळ मिळाला, आणि पलीकडून अत्यंत अदबीने बोलणारा एक गृहस्थ भेटला. ‘माताजी, दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो,’ असे म्हणून त्याने तिला एक लहानसे अ‍ॅप उतरवून घ्यावयास लावले आणि पडद्यावर दिसणारे आकडे विचारले. मग केवळ १० रुपये नोंदणी शुल्क, तेही बँकेच्या कार्डावरून. मावशी चष्मा लावून कार्डावरचे आकडे वाचू लागली, इतक्यात नात शिकवणीहून परत आली. तिने फोन घेतला, बंद केला आणि ते अ‍ॅप काढून टाकले.

वाचकहो, त्या अ‍ॅपने मावशीच्या फोनचा पडदा त्या अनोळखी माणसाच्या पडद्यावर उमटणार होता. बँकेकडून येणारा गुप्त क्रमांक तिच्याआधी त्याने वाचला असता. अशा दूरनियंत्रक अ‍ॅपांच्या गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. मदत हवी असेल तर क्रमांक अ‍ॅपच्या आतील ‘मदत’ विभागातूनच घ्यावा. चित्र सुरू करण्यासाठी कार्डाचा क्रमांक, गुप्त क्रमांक किंवा फोनचा पडदा कोणासही द्यावा लागत नाही. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची आशा अधिक.

आणखी एक गोष्ट घरातील तरुणांसाठी. मावशी अनोळखी माणसाकडे वळली, याचे कारण अज्ञान एवढेच नव्हते. ‘मुलाला कामात किती वेळा विचारावयाचे?’ हा संकोचही होता. वरील चार प्रश्न एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून संचाशेजारी लावावेत, आणि ‘केव्हाही विचार’ असे तोंडाने सांगावे. घरच्यांना विचारण्याची वाट मोकळी असली की बाहेरच्या भामट्याला शिरकाव मिळत नाही.

नातीने मग काय केले? तोच कार्यक्रम त्याच वायफायवर आपल्या फोनवर लावून पाहिला. तो सुरळीत चालला. म्हणजे पाट स्वच्छ होता. संचावर दुसरे अ‍ॅप उघडले, तेही अडखळले. दोष स्टिकचा, हे निश्चित झाले. तिची तार संचाच्या खाचेत होती. अ‍ॅडॅप्टर कपाटातल्या खोक्यात सापडला. चार नकोसे खेळ काढले, स्टिक पुन्हा सुरू केली. सारे मिळून वीस मिनिटे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीने समई लावली आणि आजी-नाती पडद्यासमोर बसल्या. बाहेर पाऊस पडत होता. पंढरपुरी महापूजा चालली होती, आणि मराठी जेमतेम समजणारी नात आजीला एकेक गोष्ट विचारीत होती. मध्येच एकदा चित्र क्षणभर पुसट झाले, पण थांबले नाही. ‘हौदात पाणी आहे अजून,’ नात म्हणाली. मावशीने न बोलता हात जोडले.