ट्रंकेतली पदवी बाहेर काढा!

लग्न होऊन सासरी येताना भांडीकुंडी, साड्या, दागिने यांच्याबरोबर आपण आणखी एक वस्तू आणतो. रुखवतात ती मांडलेली नसते आणि तिचं कौतुकही कुणी करत नाही. ती म्हणजे आपलं पदवीचं प्रमाणपत्र. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. जे काही असेल ते. ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या खणात, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या पिशवीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं.

मैत्रिणींनो, त्या कागदाचा एक उपयोग आज सांगायचा आहे. कोणत्याही शाखेची पदवी असेल, तर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला, म्हणजे वकिलीच्या अभ्यासक्रमाला जाता येतं. त्यासाठी आधी एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात २०१६ सालापासून ही सामाईक परीक्षा, म्हणजे सीईटी, घेतली जाते.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, मुलगी दहावीला बसलीय आणि मी कुठे परीक्षेला बसू? लोक हसतील!" हसू देत. या परीक्षेला वयाची वरची अट नाही. तिशी उलटली, चाळिशी आली, तरी अर्ज भरता येतो.

नाशिकची एक लेक

परीक्षेच्या नावानंच पोटात गोळा येत असेल, तर आपल्या नाशिकात जन्मलेल्या एका बाईंची गोष्ट ऐका. त्यांचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १५ नोव्हेंबर १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. पुढं शिकायला विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती त्यांना गुणांवर मिळायला हवी होती, पण त्या 'बाई' म्हणून नाकारली गेली. मग हितचिंतकांनी पैसे गोळा केले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या.

तिथं कायद्याच्या परीक्षेला पुरुषांच्या बरोबरीनं बसायची स्त्रियांना परवानगी नव्हती. विद्यापीठानं खास ठराव केला, तेव्हा कुठं १८९२ साली त्यांना पेपर लिहिता आला. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी? ती हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! मधल्या काळात त्यांनी मुंबईची एलएल.बी.ची परीक्षा दिली, अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरी रीतसर वकील म्हणून उभं राहायला १९२३ सालचा कायदा व्हावा लागला. तोवर त्या हात जोडून बसल्या नव्हत्या. बंगालमध्ये पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीचे आणि वारसाहक्काचे प्रश्न त्यांनी वीस वर्षं हाताळले. शेकडो स्त्रिया आणि अनाथ मुलं त्यांच्यामुळं आपलं हक्काचं मिळवू शकली.

सांगायचा मुद्दा हा, की त्यांना परीक्षेच्या दालनात शिरण्यासाठी झगडावं लागलं. आपल्याला ते दार उघडं आहे. आत जायची तयारी तेवढी करायची आहे.

कोणाला बसता येतं?

पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. राखीव वर्गांना सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४० टक्के आहे.

आपल्या नाशिकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं आणि लग्नानंतर पदवी घेतलेल्या कितीतरीजणी तिथल्याच. "मुक्त विद्यापीठाची पदवी चालेल का?" हा प्रश्न त्या हमखास विचारतात. रीतसर दहावी, बारावी होऊन मग ती पदवी घेतली असेल तर चालते. मात्र बारावी न होता, नुसत्या पूर्वतयारीच्या जोरावर पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलचा नियम आड येतो. पैसे भरण्याआधी एवढं पाहून घ्या.

पेपरात असतं तरी काय?

परीक्षा संगणकावर होते. वेळ दोन तास. पूर्वी दीडशे प्रश्न असत, अलीकडे १२० असतात. प्रत्येकाला एक गुण. चार उत्तरं दिलेली असतात, त्यांतलं एक निवडायचं. विभागणी साधारण अशी: इंग्रजी ४०, सामान्यज्ञान व चालू घडामोडी ३२, कायदेविषयक कल २४ आणि तर्कबुद्धी २४. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही वाचता येतात.

आणि मुख्य म्हणजे चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. येत नसलं तरी अंदाजानं खूण करून पुढं जायचं.

तर्कबुद्धीला घाबरू नका. एक प्रश्न बघा: "तुमच्या नणंदेच्या एकुलत्या एका भावाची सासू तुमची कोण?" कॉलेजातली मुलं यावर कागदावर रेघोट्या ओढतात. तुम्ही कणीक मळता मळता सांगाल, "अगंबाई, माझी आईच की!" नातीगोती, कोण कुणाच्या शेजारी बसलं, कोण आधी आलं असल्या प्रश्नांची सवय आपल्याला लग्नाच्या याद्या करून आणि पंगती मांडून झालेलीच असते.

कायदेविषयक कल म्हणजे कलमं पाठ करणं, असा एक समज आहे. थोडं पाठांतर लागतं: मूलभूत हक्क, संसदेची रचना, न्यायालयांची उतरंड. पण बऱ्याच प्रश्नांत एक तत्त्व दिलेलं असतं आणि त्याखाली एक प्रसंग. समजा तत्त्व असं आहे: 'दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं हलवणं म्हणजे चोरी.' आणि प्रसंग असा: भजन संपल्यावर शांताबाई आपली समजून शेजारणीची छत्री घेऊन घरी गेल्या. चोरी झाली का? आपलं मन लगेच म्हणतं, "नीट बघून घ्यायला नको का?" पण प्रश्न तो नाही. हेतू अप्रामाणिक नव्हता, म्हणून चोरी नाही. दिलेल्या तत्त्वाला धरून राहायचं, आपला राग-लोभ बाजूला ठेवायचा. एवढं जमलं की या भागात गुण मिळू लागतात.

पुस्तकांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. भाच्यानं वापरलेलं जुनं गाइड फुकट मिळालं म्हणून त्यावर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं. सासरच्या छळाचं ४९८-अ हे कलम घराघरांत ठाऊक होतं, ते आता कलम ८५ आहे. जुन्या पुस्तकातून तर्काचे आणि इंग्रजीचे प्रश्न खुशाल सोडवा, कायद्यासाठी मात्र नवीनच घ्या.

वेळ कुठून आणायचा?

खरी अडचण इथंच आहे. पेपर दोन तासांचा, पण त्यासाठी रोजचे दोन तास घरातून काढायचे म्हणजे डोंगर वाटतो.

पहिली गोष्ट: चोरून अभ्यास करू नका. "जमलं तर बघू" असं मनात ठेवून दुपारी पुस्तक उघडलं, की दारावरची बेल वाजते, सासूबाईंचा चहा आठवतो, आणि पुस्तक मिटतं. घरात सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका, "अहो, मी सीईटीला बसतेय. दुपारी दोन ते तीन आणि रात्री नऊ ते दहा माझा अभ्यास." वेळ ठरवून सांगितली की हळूहळू घरालाही तिची सवय होते. सासूबाईंना विश्वासात घ्या. "आई, माझा हा पाठ तुम्ही घ्या बरं" असं म्हणून राज्यघटनेचे प्रश्न त्यांच्या हाती द्या. बघा, आठवड्याभरात त्याच तुम्हाला हाक मारतील.

सहा महिने हातात असतील तर पहिले दोन महिने फक्त इंग्रजी आणि राज्यघटना. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख मोठ्यानं वाचा, दहा शब्द वहीत उतरवा. पुढचे दोन महिने तर्क आणि कायदेविषयक प्रश्न. शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर. चालू घडामोडी मात्र पहिल्या दिवसापासून. स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगा आणि त्या त्या तारखेच्या चौकोनात दिवसाची एक मोठी बातमी लिहा. दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तसाच हा हिशेब.

घरात जागा नसेल, तर वाचनालय गाठा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. एवढी जुनी संस्था गावात असताना "घरी निवांतपणा नाही" ही सबब चालायची नाही. संगणकाची सवय नसेल तर मुलांना गुरू करा. माउस धरणं, पुढच्या प्रश्नावर जाणं, उत्तर बदलणं, एवढंच शिकायचं आहे.

परीक्षा कधी मार्चमध्ये येते, कधी मेमध्ये. मार्च म्हणजे मुलांच्या परीक्षा आणि मे म्हणजे पाहुणे, लोणची, पापड. तेव्हा वाळवणं त्या वर्षी विकत आणली तर आभाळ कोसळत नाही.

नाव कोणतं लिहायचं?

ही अडचण पुरुषांना येत नाही, आपल्यालाच येते. पदवीवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. कागदपत्रांच्या तपासणीत हा फरक हमखास निघतो. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद आधीच काढून ठेवा. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूनं मिळतो, तेव्हा राखीव वर्गातून अर्ज करणार असाल तर माहेरी फोन करून तो आजच मागवा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि सोबत माहितीपुस्तिका असते. ती वाण्याच्या यादीसारखी ओळ न् ओळ वाचा.

गुण मिळाले, पुढे काय?

निकालानंतर प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या होतात. त्यात महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. गाव सोडणं शक्य नसेल तर नाशिकचीच नावं टाका: कॉलेज रोडचं एन.बी.टी. लॉ कॉलेज, मविप्र समाजाचं लॉ कॉलेज, सिडकोतलं नवजीवन लॉ कॉलेज. तासांची वेळ काय, बस कुठली, हे आधीच जाऊन पाहून या. कारण वकिली घरबसल्या, पत्रव्यवहारानं होत नाही. वर्गात हजर राहावं लागतं. तीन वर्षं, सहा सत्रं. घरातल्यांना हेही आधीच सांगा. परीक्षेला हो म्हणणारी माणसं कॉलेजला नाही म्हणू लागली, तर सारा खटाटोप फुकट जाईल.

पदवीनंतर सनद घ्यायची. तिच्या नोंदणीसाठी खुल्या वर्गाकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये दिला. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

आणि नाहीच जमलं तर?

पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. आणि नाही बसलात, तरी वाचलेलं कुठं जात नाही. वडील गेल्यावर भाऊ कागद पुढं करतो, "ताई, इथं सही कर, हक्कसोडपत्र आहे." किती बायका तो न वाचताच सही करतात! हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. माहेर तोडा असं कुणी म्हणत नाही. पण काय सोडतोय हे कळून सोडावं. तसंच कोर्टात जायची वेळ आलीच, तर उत्पन्न कितीही असो, स्त्रीला १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मागता येतो, हेही शेजारणीला सांगायला तुम्हाला ठाऊक असेल.

या आठवड्यात एवढं करा

• पदवीचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि विवाह नोंदणीचा दाखला एका पिशवीत ठेवा.
• सीईटी सेलच्या संकेतस्थळावर अर्जाच्या तारखा पाहा. मुलांची मदत घ्या.
• मागच्या वर्षीचा एक पेपर मिळवून, घड्याळ न लावता, सोडवून बघा. किती गुण पडले ते कुणाला सांगायची गरज नाही.
• रोजचे दोन तास ठरवा आणि घरात जाहीर करा.