डेडस्टॉक रजिस्टरातला संगणक

ॲपल-१ ची कथा आता सर्वांना पाठ आहे. १९७६ साली ६६६ डॉलर ६६ सेंटला विकला जाणारा तो नुसता बोर्ड. त्यातलाच एक, चालू स्थितीतला, २०१४ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला. असे आकडे ऐकले की आमच्या सोनाळे गावातही कुणीतरी माळ्यावरचा पेंटियम खाली उतरवतो आणि मला विचारतो, याचं किती येईल? भंगारवाला देईल तेवढंच. पेंटियम कोट्यवधी निघाले.

माझा जीव बरीच वर्षं दुसऱ्याच यंत्रात अडकलाय. बीबीसी मायक्रो. एकॉर्न कंपनीनं १९८१ मध्ये बाजारात आणलेला, ३२ किलोबाइट मेमरीचा, काळ्या कळफलकाच्या वरच्या ओळीत दहा तांबड्या कळा असलेला. ब्रिटिश शाळांत तो घरोघरीच्या चुलीसारखा होता, त्यामुळे तिकडे त्याला आजही माफक भाव आहे. आपल्याकडे तो आला १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून. पहिल्या फेरीत सुमारे अडीचशे शाळा होत्या.

खरी दुर्मीळ वस्तू पुढची आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं एकॉर्नच्या परवान्यानं हाच संगणक ‘युनिकॉर्न’ नावानं काढला. होप कंपनीचा ‘डॉल्फिन’ही त्याचाच भारतीय अवतार, त्याच्या वरच्या कळा तांबड्या नव्हत्या, निळ्या होत्या. त्या निळ्या कळांचा फोटो दिसला की जाणता संग्राहक लगेच ओळखतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीचा कारखाना आगीत जळाला.

आणि हे संगणक गेले कुठे? शाळेतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढते: अनुक्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, शेरा. बंद पडली की निर्लेखनाचा प्रस्ताव, मग लिलाव, तोही किलोच्या भावानं. खुर्च्या, पंखे आणि संगणक एकाच ढिगात. नियमाप्रमाणे चूक कुणाचीच नसते. पण त्या यंत्राचं मोल लोखंडात नव्हतंच. ते कोणत्या शाळेत, कोणत्या साली, कोणत्या योजनेतून आलं याचा पुरावा त्या एका ओळीत होता, आणि यंत्रासोबत ती ओळ गेली नाही. कागद नसलेला युनिकॉर्न आणि कागदासह युनिकॉर्न यांत मी डोळे झाकून दुसरा घेईन, पहिला चालू असला तरी.

चालू म्हणजे तरी काय? जुना बीबीसी हाती लागला की लोक उत्साहानं प्लग लावतात. आतल्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक कवचाचे. चाळीस वर्षांत त्या कवचाला बारीक तडे जातात, कागद दमट होतो, आणि वीज मिळताच ते फटकन फुटून खोलीभर घाण वासाचा धूर सोडतात. आधी झाकण उघडा, ते बदला, मगच वीज द्या. बदललेले भाग फेकू नका. पिशवीत घालून सोबत ठेवा.

झाकणावर शाळेनं ऑइलपेंटनं नाव आणि रजिस्टरचा क्रमांक लिहिलेला असेल, तर कृपा करून त्याला थिनर लावू नका. पेरॉक्साइडनं पिवळेपणा घालवण्याच्या नादात कित्येकांनी अशी अक्षरं पुसली आहेत. तुमच्या ओळखीच्या शाळेत लिलावाची नोटीस लागली असेल, तर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून डेडस्टॉक रजिस्टरातल्या त्या पानाची झेरॉक्स मागा.