मधुमेह्याचा गुडघा आणि ध्वनीची तपासणी

वार्धक्य आलें कीं गुडघे कुरकुरणारच, असें म्हणून आपण घरांतील वडील माणसांच्या दुखण्याची बोळवण करतों. मधुमेही माणसाच्या बाबतींत ही समजूत केवढी घातक ठरूं शकते, याचा अनुभव आम्हांस येथें मुकुंदवाडींत, आमच्याच घरीं आला. तो वाचकांच्या उपयोगीं पडावा म्हणून सांगत आहों.

आमच्या वडील भगिनी माई यांस मधुमेह जडून वीस वर्षें झालीं. गेल्या श्रावणांत त्यांचा उजवा गुडघा सुजला व हातास ऊन लागूं लागला. सुश्रुतसंहितेंत ‘क्रोष्टुकशीर्ष’ नांवाचा गुडघ्याचा विकार वर्णिला आहे. सूज कोल्ह्याच्या मस्तकासारखी दिसते म्हणून तें नांव. नांव आठवलें म्हणजे निदान झालें, असा शास्त्रीबाणा आमच्या अंगीं संचरला आणि आम्हीं लेप व विटेचा शेक सांगितला. शेकतांना माई म्हणत, “लागत नाहीं रे, आणखी चालेल.” दुसऱ्या दिवशीं पाहतों तों कातडीवर फोड! दीर्घ मधुमेहानें पावलांपासून वर चढत जाणारी बधिरता गुडघ्यापर्यंत पोहोंचली होती.

मग क्ष-किरणांचें चित्र काढलें. त्यांत वयोमानाची झीज तेवढी दिसली व आम्ही निश्चिंत झालों. परंतु डॉक्टरांचें समाधान होईना. त्यांनीं सोनोग्राफी केली.

या यंत्राचें मर्म सोपें आहे. सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनि मनुष्यास ऐकूं येत नाहीं. गुडघ्यासाठीं साधारणतः ७० लक्ष ते दीड कोटी कंपनांचा ध्वनि योजतात. कांहीं स्फटिक दाबले असतां वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, वीज दिली असतां ते कंप पावतात. अशा कंपनांचे प्रतिध्वनि टिपून यंत्र चित्र रेखाटतें. त्यांत क्ष-किरणांचा उपद्रव नाहीं, आणि गुडघा वाकवून हलता पाहतां येतो.

माईंच्या गुडघ्याच्या वाटीवरील पिशवींत द्रव सांचला होता, आंतील अस्तर सुजलें होतें व तेथें रक्ताचा ओघ वाढला होता. मात्र तो द्रव पाणी कीं पू, हें यंत्र निश्चयानें सांगत नाहीं. म्हणून चित्राच्या आधारें सुई घालून तो काढला. तो गढूळ निघाला. तपासणींत जंतु सांपडले. सांधा धुवून, औषधें व इन्शुलिन देऊन माई बऱ्या झाल्या. आज काठी टेकीत त्या देवळापर्यंत जातात. आणखी उशीर झाला असता तर सांध्यांतील कूर्चा नष्ट होण्याचें भय होतें.

मधुमेहांत जंतुसंसर्ग लवकर होतो, बधिरतेमुळें वेदना कमी जाणवते, आणि साखर चिकटून कंडरा जाड व ताठ होतात. कंडरांचा हा फरक, गुडघ्यामागील पाण्याची गांठ, संधिवाताचे कांहीं स्फटिक, हें सारें या चित्रांत दिसूं शकतें. हाडाचें अंतरंग मात्र दिसत नाहीं. आंतील बळकट बंधांसाठीं एम.आर.आय. लागतें.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांचा आहे. म्हणून गृहस्थहो, मधुमेह्याचा एकच गुडघा एकाएकीं सुजून तापला, तर त्याच दिवशीं वैद्यास दाखवावा. विटेनें शेकूं नये. वेदनाशामक गोळ्या मनानें देऊं नयेत. त्या मूत्रपिंडांस बाधतात. सांध्यांत स्टिरॉइडची सुई घेतल्यास कांहीं दिवस साखर वाढते, म्हणून ती वारंवार मोजावी.

ग्रंथांतील नांवें आम्हांस आजही प्रिय आहेत. परंतु तीं पाठ असणें निराळें आणि रोग्याचा गुडघा जाणणें निराळें, हें आमच्या माईंनीं उतारवयांत आम्हांस शिकविलें.